परत न आलेला दोर

साल एकोणीसशे एकोणऐंशी. मी एकवीस वर्षांचा होतो आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात नोकरीचा कागद होता.

त्या कागदाची हकिगत आधी सांगतो. नगरला मिशनच्या एका बोर्डिंगात शिपायाची जागा रिकामी झाली होती. माझे वडील आमच्या गावच्या मिशन शाळेत शिपाई. घंटा तेच वाजवायचे, म्हणून लहानथोर सगळे त्यांना शिपाईमामा म्हणत. त्यांनी दोन वर्षं साहेब लोकांचे उंबरे झिजवले आणि ती जागा माझ्यासाठी मिळवली. सोमवारी सकाळी दहाला हजर व्हायचं. पगार बांधलेला, राहायला खोली, वर्षाला खाकी कपड्याचे दोन जोड. चौथीत दोनदा नापास झालेल्या माणसाला देवानं यापेक्षा जास्त काय द्यायचं, असं सगळ्यांचं म्हणणं. माझंही तेच म्हणणं असायला हवं होतं. पण मी पहिल्यापासून हेकट. आजही आहे, माझ्या सुनेला विचारा.

आमचं गाव जामखेडच्या अंगाला, कोरडं. तिथल्या माणसाला नोकरी म्हणजे काय वाटतं ते पाण्याच्या मुलखातल्या माणसाला सांगून कळायचं नाही.

तर सोमवारी हजर व्हायचं, आणि आदल्या दिवशी, रविवारी, आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण होता.

हा सण ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो. पीक घरात आलं की आमची मंडळी पहिली उपज घेऊन चर्चला येते. बाजरी, तुरीच्या शेंगा, भोपळे, कोंबड्या, एखादं करडू, ज्याच्याकडे काहीच नाही तो दोन अंडी. सगळं वेदीपुढं मांडायचं, प्रार्थना करायची आणि उपासना सुटली की बाहेर चिंचेखाली चादर अंथरून त्याचा लिलाव. त्या लिलावाची आमची एक रीत आहे. पुढचं सगळं त्या रीतीमुळेच झालं, तेव्हा ती नीट ध्यानात घ्या. ज्यानं बोली जिंकली तो वस्तू घरी नेत नाही. पैसे चादरीवर टाकतो आणि मोठ्यानं म्हणतो, "देवाला परत!" मग तीच वस्तू पुन्हा लिलावात उभी राहते. दुसरा चढी बोली लावतो, तोही म्हणतो, देवाला परत. एक अंडं आमच्याकडे चौदा वेळा विकलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. शेवटी ते पाळकसाहेबांच्या घरी गेलं, तर बाईंना ते फोडायचा धीर होईना. कोंबडीबिंबडी कुणाला खरंच हवी असली तर चार-पाच फेऱ्यांनंतर तो नेई. पण बोली सुटली आणि लगेच वस्तू उचलली, असं कुणी करत नसे. ते खादाडपणाचं लक्षण.

लिलाव पुकारायचे माझे वडील. त्यांचा आवाज शाळेच्या घंटेपेक्षा लांब जायचा.

आता माझी उपज. आम्हाला शेत नव्हतं. दरवर्षी वडील पाकिटात दोन रुपये घालून द्यायचे, तीच आमच्या घरची उपज. त्या वर्षी मी ठरवलं की मी माझं वेगळं देणार. मी दोर वळला होता.

चौथी सुटल्यावर मला मामाकडे शेरडं राखायला ठेवलं होतं. मामा फावल्या वेळात दोर वळायचा. बांधावरच्या केकताडाची, म्हणजे घायपाताची, पानं कापायची, डोहात दगडाखाली दाबून कुजवायची, ती घाण वासाची पानं बडवून, धुऊन त्यातला पांढरा धागा, म्हणजे वाख, काढायचा आणि त्याला पीळ देऊन दोर करायचा. मामा वळायचा तो दोर खरबरीत, हाताला टोचणारा. मी त्यात डोकं घातलं. एका फळीला खिळे ठोकले आणि पीळ देण्याआधी त्या खिळ्यांतून वाख विंचरून काढला. मामा पोट धरून हसला. "आरं, दोर करतोय का नवरीची येनी घालतोय?" पण दोर झाल्यावर त्यानं तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला, आणि मग हसला नाही.

तो बावीस हात दोर घेऊन मी शनिवारी घरी आलो. वडील दारात दाढी करत बसले होते.

"ह्ये काय?"

"पहिली उपज."

"कशाची?"

"माझ्या हाताची."

त्यांनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालाला साबण तसाच.

"तीन पिढ्या लागल्या ह्या घराच्या हातातनं दोर सुटायला. अन् तू त्यो देवापुढं न्हेऊन मांडतो?"

यात काय होतं ते सांगायला हवं. आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरात दोराचंच काम होतं. गावाला दोर पुरवायचे आणि बदल्यात लोक लांबून टाकतील ते पदरात घ्यायचं. आजोबा शाळेत गेले, वडिलांच्या अंगावर पांढरा कोट आला. तेव्हापासून आमच्या घरात शेळीचं दावंसुद्धा बाजारातून विकत आणायचे. घरात कुणी साधी सुतळी वळत बसलं तरी वडील खाकरायचे.

"लोक काय म्हनतील?" वडील म्हणाले. "पाकीट देतो. त्यात दोन रुपये टाक अन् गप बस."

"पैसे तुमचे. दोर माझा."

"सोमवारपासनं तू बोर्डिंगाचा शिपाई हायेस."

"रविवारी न्हाई ना?"

आई चुलीपुढून म्हणाली, "झालं! दोन बैल एका दाव्याला बांधलेत माझ्या नशिबानं." वडील तिच्यावरही खेकसले, कारण तिनं दाव्याचं नाव काढलं होतं.

रविवारी मी दोराचं वेटोळं करून वेदीपुढं ठेवलं. एका बाजूला भोपळा, दुसऱ्या बाजूला पाय बांधलेला कोंबडा. पाळकसाहेबांनी त्या दिवशी पाचारणावर उपदेश केला. देव प्रत्येकाला हाक मारतो, म्हणाले. मग त्यांनी ज्यांना हाक आली त्यांची उदाहरणं दिली: एक उपदेशक झाला, एक नर्स झाली, एक मास्तर झाला. मी वाट पाहत राहिलो. पुढं कुणी आलंच नाही.

उपासना सुटल्यावर मी त्यांना दारातच गाठलं.

"सलाम, पाळकसाहेब. एक विचारू? दोर वळणाऱ्याला हाक येते का?"

त्यांनी चष्मा काढून कोटाला पुसला. भला माणूस होता, उगाच काही ठोकून देत नसे. म्हणाले, "मला ठाऊक नाही रे. त्यावर मी कधी बोललो नाही. पण तुला नोकरी लागली ना?"

"लागली."

"मग झालं तर."

"मी विचारलं ते न्हाई झालं."

ते हसले. "बापावर गेलायस," म्हणाले आणि चिंचेकडे निघाले.

लिलाव रंगला. वडिलांनी भोपळा पाच वेळा विकला, कोंबडा नऊ वेळा. कोंबडा तर पुकारा झाला की स्वतःच आरवायचा. पण दोराजवळ आले की वडील तो ओलांडून पुढच्या वस्तूकडे जात. एकदा गेले, दोनदा गेले. चादरीवर दुसरं काही उरलं नाही तेव्हा त्यांनी कपाळ पुसलं आणि प्रार्थना सुरू करायला पाळकसाहेबांकडे पाहिलं.

तेवढ्यात अंडी आणणारी एक मावशी होती, फटकळ तोंडाची, ती ओरडली, "शिपाईमामा, अन् त्यो दोर? का देवाची चीज घरी न्ह्यायचा बेत हाय?"

सगळे हसले. वडिलांनी दोर दोन बोटांत धरून उचलला. विंचू नांगीला धरून उचलावा तसा.

"एक दोर," ते म्हणाले. त्यांचा तो लांब जाणारा आवाज चिंचेच्या बुंध्यापर्यंतसुद्धा गेला नाही. "एक रुपाया."

"मामा, ऐकू येत न्हाई!"

"एक रुपाया!"

"बोर्डिंगातली पोरं बांधायला का?" कुणीतरी मागून म्हणालं. आणि मग मंडळीला मजाच आली. शिपाईमामा लाजतोय हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. शाळेच्या मास्तरांनी दोन रुपये लावले. "देवाला परत!" मावशीनं तीन. "देवाला परत!" मग साडेतीन, पाच, सहा. दोर चादरीवर पडायचा, वडील तो उचलायचे, पुन्हा पुकारायचे. मी झाडाला टेकून उभा होतो आणि माझे कान तापले होते. माझा दोर कुणी हातात घेऊनसुद्धा पाहिला नाही. अंड्याला बोली लावावी तशी लावत होते.

दोराची दुसरी-तिसरी फेरी चालू असताना एक परका माणूस कुंपणाशी येऊन उभा राहिला होता. डोक्याला फेटा, पायाला गुडघ्यापर्यंत ओली वाळू. तो ऊसतोडीचा मुकादम होता, हे नंतर कळलं. राहुरीकडं, देवळाली प्रवराच्या बाजूला तोडीला टोळ्या नेणारा. त्यानं अंडं पाहिलं नव्हतं, भोपळा पाहिला नव्हता. आला तेव्हापासून त्याला दिसला तो फक्त दोर, आणि त्या दोरासाठी एकमेकांवर चढणारी माणसं.

आठाची बोली झाली, दहाची झाली.

"पंधरा!" मुकादम ओरडला.

सगळ्यांच्या माना कुंपणाकडे वळल्या. त्या दिवसांत पंधरा रुपयांत चांगली तलंग कोंबडी येऊन वर पैसे उरायचे. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"एक वार. दोन वार. तीन वार."

मुकादम पुढं आला. पैसे चादरीवर टाकले, दोर खांद्यावर घेतला आणि चालू लागला.

"अहो पाव्हणं!" वडील म्हणाले. "देवाला परत म्हना की."

"का म्हनू?"

"आमची रीत हाय तशी."

"तुमची आसंल. माझी गाडी वड्यात रुतलीय. रीत बांधून वढू का?"

असा काही हशा पिकला! तो हसत हसत गेलासुद्धा. जाता जाता म्हणाला, "सात-आठ जनांनी एकमेकांच्या हातातनं वढला, त्या अर्थी दोर काय तरी खास हाय."

मंडळी हसत होती, पण माझ्या छातीत धडधड सुरू झाली. पहिली धडधड आनंदाची. माझ्या हातची वस्तू त्या चिंचेखालून बाहेर चालली होती. कुणाला तरी ती वापरायला हवी होती! देवाला परत नाही, पाळकसाहेबांच्या घरी नाही, गाडीला.

दुसरी धडधड लगेच मागून आली. तो माणूस चुकीच्या समजुतीवर पैसे टाकून गेला होता. त्याला वाटलं, सगळ्या गावाला तो दोर हवा होता. तो तर कुणालाच नको होता.

वडिलांनी माझा चेहरा वाचला. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "जाऊ दे. पैसे देवाला गेले. दोर गेला. आता उद्याची तयारी कर."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. पण मला एक गोष्ट दिसत होती. मी गप्प राहिलो तर दोर विकला गेला खरा, पण तो चांगला होता म्हणून विकला गेला की आमच्या रीतीमुळे, हे मला जन्मात कळणार नाही. बोर्डिंगाच्या फाटकात खाकी घालून बसेन आणि रोज तोच विचार करीन. आणि सांगितलं, तर तो माणूस दोर माझ्या तोंडावर फेकील, तेही सगळ्यांदेखत. मग निदान प्रश्न मिटेल, सकाळी नगरची सहाची गाडी पकडायला पाय जड होणार नाहीत. काही झालं तरी आपल्या हातची पहिली वस्तू खोट्यावर विकायची नाही, एवढं माझ्या मनानं घेतलं. याला कुणी धर्म म्हणेल, कुणी गर्व म्हणेल. माझ्यात दोन्ही होतं.

मी पळालो.

ओढा चर्चच्या खालच्या अंगाला होता. मधोमध वाळूत मुकादमाची गाडी बसली होती. एक चाक पार मधल्या तुंब्यापर्यंत आत. गाडीवर धान्याची पोती, भांडी, गोधड्या, कोंबड्यांचं खुराडं. बैल सोडून बाजूला उभे केलेले. काठावर तोडीला निघालेली सात-आठ माणसं बिड्या ओढत बसली होती, आणि त्यांचा जुना दोर दोन तुकडे होऊन पाण्यात पडला होता.

"मुकादम, थांबा! तुमची फसगत झाली."

"कुनी केली?"

"आमच्या रीतीनं." मी धापा टाकत टाकत त्याला सगळं सांगितलं. अंडं कसं विकतात, भोपळा कसा विकतात.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी ह्यो दोर कुनालाच नको हुता?"

"न्हाई."

"अन् तू ह्ये सांगाया पळत आलास. तुझा काय संबंध?"

"दोर मी वळलाय."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू याडा हायेस का लई शाना, मला कळंना. मंग काय, कच्चा हाय का?"

"कच्चा न्हाई."

"कशावरनं?"

"बांधा की गाडीला!"

हे मी ओरडून म्हणालो. एवढ्या मोठ्यानं मी चर्चमध्ये गीतसुद्धा म्हटलं नव्हतं. माझ्या मागोमाग सगळी मंडळी काठावर आली होती. लिलावापेक्षा ही मजा मोठी, हे त्यांना कळलं होतं. मी ओढ्यात उतरलो, दोर गाडीच्या आसाला गुंडाळला, गाठ मारली. तोडीच्या माणसांनी जोर लावला. दोर ताणला आणि सर्रकन सुटून हातात आला. सगळे वाळूत पडले.

तुटला नव्हता. माझी गाठ सुटली होती. दोर वळायला मी शिकलो होतो, बांधायला शिकलोच नव्हतो.

"आरं, तुझा दोर पळपुटा हाय की!" कुणीतरी म्हणालं. काठावर टाळ्या पिटल्या. मुकादमानं दोराचं टोक उचललं आणि माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. मला वाटलं, संपलं. उद्या सहाची गाडी.

तेवढ्यात कुणीतरी मला बाजूला सारलं. वडील. पांढरा कोट, पांढरं धोतर, तसेच पाण्यात उतरलेले. त्यांनी मुकादमाच्या हातातून टोक घेतलं, आसाखालून फिरवलं, एकदा वरून, एकदा उलट, एक फास मागं ओढून दाबला. डोळे मिटायला लागावा एवढाच वेळ. त्यांनी गाठीकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहत होते ते माझ्याकडे, रागानं.

"वढा," ते म्हणाले. आता मात्र शाळेच्या घंटेपेक्षा लांब जाणारा आवाज.

तोडीची माणसं पुरेनात. मग मास्तर उतरले, मावशी पदर खोचून उतरली, पाळकसाहेब चष्मा खिशात घालून उतरले. बैल पुन्हा जुंपले, मुकादम त्यांच्या तोंडाशी. वीस-पंचवीस माणसं, अर्धी सणाच्या कपड्यांत, एका दोराला लागलेली. वडिलांनी पुकारा केला, "एक वार! दोन वार!" आणि तीन वारला सगळ्यांनी जीव लावला. दोर इतका ताणला की त्यातून पाणी थेंब थेंब गळायला लागलं आणि बारीक गुणगुण ऐकू यायला लागली. मी हात लावला नव्हता. मी दोराच्या शेजारी वाकून पाहत होतो, कुठला पेड सुटतोय का. एक सुटला तर मी तिथंच संपणार होतो.

"तीन वार!"

गाडी चुळूक करून वर आली आणि सगळी मंडळी मागच्या मागं आडवी झाली. खुराड्यातल्या कोंबड्या ओरडत होत्या, बैल काठावर चढले होते, पाळकसाहेब कमरेएवढ्या पाण्यात बसले होते. मी नाचत होतो. खोटं कशाला सांगू, मी ओढ्यात उड्या मारत नाचत होतो, आणि वय एकवीस.

मुकादमानं दोर सोडवला. सोडवायला त्याला वडिलांना बोलवावं लागलं. मग तो काठावर बसून, बोटांनी चाचपत, बावीसच्या बावीस हात दोर तपासत गेला.

"एक पेड सुटला न्हाई," तो म्हणाला. "असले तीस पायजेत. गाड्या कारखान्याला लागायच्या आत. इस दिस. पंधराच्या भावानं देतो."

"पंधरा न्हाई," मी म्हणालो. "त्यो देवाचा भाव हुता. दोराचा भाव आठ."

काठावर मास्तरांनी डोक्याला हात लावला. मुकादम इतका हसला की त्याचा फेटा सुटला. "आरं, असा धंदा करशील तर बायकापोरं उपाशी मरतील!" मग गंभीर झाला. "पन ह्या मुलखात तुझ्याकडनंच दोर घेईन म्या. कुठं नोकरीबिकरीला न्हाईस ना? मधीच सोडून जाशील, अन् माझ्या गाड्या हितंच बसतील."

आता सगळे माझ्याकडे पाहू लागले. सगळ्या गावाला ठाऊक होतं माझ्या खिशात काय आहे ते. वडील कोटाच्या बाह्या पिळत उभे होते.

आज माझ्या शेडमध्ये यंत्रं आहेत. मधे नायलॉन आलं, काथ्या आला, आम्ही बुडालो, पुन्हा वर आलो, आमच्या मंडळीतली किती घरं त्यावर उभी आहेत ते मी सांगत बसणार नाही, दुसरे सांगतील. शिकलेली पोरं मला विचारतात, काका, आपलं पाचारण कोणतं हे कसं कळतं? त्यांना वाटतं, आभाळातून काही ऐकू आलं असेल. मला आभाळातून काही ऐकू आलं नाही. मला एका चिखलानं भरलेल्या माणसानं सरळ प्रश्न विचारला, आणि उत्तर द्यायला मला विचार करावा लागला नाही. एवढंच मी सांगू शकतो.

"नोकरी लागलीय," मी म्हणालो. "उद्या हजर व्हायचं हाय. पन मी जात न्हाई."

वडील काठ चढून निघून गेले.

पाळकसाहेब पाण्यातून उठले, कोट झटकला. माझ्या जवळून जाताना थांबले. "सकाळी विचारलंस ना," म्हणाले, "पुढच्या हंगामाला त्यावर बोलतो."

मी घरी पोचलो तेव्हा वडील ओट्यावर ओल्या धोतरानंच बसले होते. आईनं मला डोळ्यांनी खुणावलं, बोलू नको. मी समोर बसलो.

धोतराचा काठ पिळत ते म्हणाले, "गाठ चुकीची मारतोस."

"मला कुनी शिकवली न्हाई."

"मला माझ्या बानं शिकवली. शिकवली, अन् म्हनाला, आता ही कुनाला दावू नको." ते आपल्या हातांकडे पाहत होते. "चाळीस वर्सं झाली. इसरली आसंल, असं वाटलं हुतं."

मग त्यांचा आवाज चढला. "पन त्या साहेबाला मी काय तोंड दावू? दोन वर्सं मागं लागलो त्याच्या. माझ्या शब्दावर जागा धरून ठेवली त्यानं!"

त्यांचा शब्द माझ्यामुळे खाली पडत होता, आणि ते दुःख तीस दोरांनी भरून निघणारं नव्हतं. मी म्हणालो, "तुमी कशाला? मी दावतो तोंड."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नोकरीला निघालेल्या माणसासारखाच तयार झालो. धुतलेला सदरा, तेल लावून भांग. सहाची नगर गाडी फाट्यावर आली तेव्हा वडील मागून चालत आले. शाळेची घंटा अजून व्हायची होती. त्यांनी मला तिकिटाचे पैसे दिले, परत येण्याचेही. गाडीत पाय ठेवला तसे म्हणाले, "तुझ्या त्या फळीचे खिळे लई जाड हायत. वाख तुटतो त्यानं. येताना बारीक आन."

दहाला पाच मिनिटं कमी असताना मी बोर्डिंगाच्या साहेबांपुढं उभा राहिलो. सलाम केला, कागद टेबलावर ठेवला आणि सांगितलं की माझ्या वडिलांनी शब्द पाळला, मीच मोडतोय, राग माझ्यावर धरा. साहेबांनी विचारलं, "दुसरीकडे लागलास का?" मी म्हणालो, "व्हय साहेब, लागलो." कुठं ते त्यांनी विचारलं नाही. मी फाटकाबाहेर आलो, लोखंडाच्या दुकानात गेलो आणि अर्धा किलो बारीक खिळे घेतले.